गोल्फ बॉल निवडायचा तर सुरुवात ग्रीनपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या क्रीडा पुरवणीत मुरलेल्या गोल्फरनी कोणता बॉल घ्यावा यावर अर्धं पान आलं होतं. स्पर्धेचा निकाल सोडून चक्क बॉलवर अर्धं पान, म्हणून आधी मला भारीच वाटलं, कात्रण काढलं, आमच्या चौघांच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला. मग चहा संपवून नीट वाचलं आणि डोक्याला हात लावला. लेखकाने मेहनत घेतलीय हे दिसतं, नाही असं नाही, पण सगळा भर ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, कोणता बॉल किती लांब जातो यावर, आणि ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या बारीक गवताजवळच्या) खेळाबद्दल शेवटी दोन ओळी. चांगल्या खेळाडूला हा सल्ला म्हणजे घोड्याच्या पुढे गाडी. मी स्वतः याच खड्ड्यात दोन वर्षं काढलीत म्हणून राहवलं नाही.

तर आधी माझी कथा. हँडिकॅप ५ होता (आकडा जितका कमी तितका खेळ चांगला), बरा चालला होता. एकदा कोणीतरी नवा बॉल दिला, दोन थरांचा, कडक कव्हरचा. पहिल्याच टीवर, होल जिथून सुरू होतो तिथे, असा काही सरळ आणि लांब गेला की मी तिथल्या तिथे ठरवलं, बस, हाच. तो खरंच सरळ जायचा, त्यात खोटं काही नाही, कारण स्पिन, म्हणजे बॉलची फिरकी, कमी म्हणजे उजवी-डावीकडे वळणं पण कमी. पण हँडिकॅप हळूहळू ७ वर गेला आणि मला कळेचना का, कारण टीवरून तर मी आधीपेक्षा मस्त मारत होतो. एक शॉट अजून डोळ्यासमोर आहे, चाळीस यार्डवरून पिच, म्हणजे छोटा उंच शॉट, मध्ये वाळूचा बंकर, पिन (होलमधला झेंडा) बंकरच्या लगेच मागे. मी हवा तसा मारला, बॉल हव्या त्या जागी पडला, अगदी हातभर इकडेतिकडे नाही, आणि तिथून गोटीसारखा घरंगळत ग्रीन ओलांडून पलीकडच्या गवतात. मी मनगटाला दोष दिला. मग वेजला, म्हणजे छोट्या उंच शॉटच्या क्लबला, दोष दिला, नवीन वेज घेतली. मग धडे घेतले. बॉलवर संशय म्हणून आला नाही हो, कारण बॉल तर "लांब जाणारा" होता ना!

शेवटी पार्टनरने वैतागून त्याचा बॉल माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, हा मारून बघ आणि मग मनगटाचं काय ते बोल. तोच वेज, तेच मनगट, तीच जागा. बॉल पडला, एक उडी, दुसरी छोटी उडी, आणि ब्रेक लावल्यासारखा थांबला. दोन वर्षांचं उत्तर तीन सेकंदात मिळालं आणि मला हसावं की रडावं कळेना.

आता लेखात जे "वीस यार्ड जास्त" वगैरे लिहिलंय त्याबद्दल. संपादक महोदय, या खेळात बॉलवर कायद्याची मर्यादा असते, हे लेखात कुठेच नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, क्लबवरून सुटतानाच्या वेगाला मर्यादा, आणि एकूण अंतरालासुद्धा. गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्था मशीनने बॉल मारून बघतात, २००४ पासूनच्या चाचणीत क्लबचा वेग ताशी १२० मैल ठेवतात आणि बॉल ३१७ यार्ड, वर तीन यार्डांची सूट, याच्या पुढे गेला तर तो मंजूर यादीत येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तर त्यांनी जाहीर केलं की चाचणीचा वेग ताशी १२५ मैल करायचा आणि अंतराची मर्यादा मात्र तीच ठेवायची, म्हणजे बॉल आणखी आखूड होणार. मुद्दा काय, तर सगळ्या मोठ्या कंपन्यांचे वरच्या दर्जाचे बॉल या भिंतीला आधीच डोकं लावून बसलेत. कोण कोणाच्या वीस यार्ड पुढे जाणार? फरक असतो, पण तो चार-पाच यार्डांचा, आणि तेवढा फरक तर सकाळी वारा कुठून आहे त्यावरही पडतो. उलट ग्रीनजवळ एक बॉल पाच फुटांत थांबतो आणि दुसरा पंचवीस फूट पळतो. पाच फुटांचा पट (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायचा शॉट) आणि पंचवीस फुटांचा पट यात काय फरक असतो ते ज्याला माहितीय त्याला मी वेगळं सांगायला नको.

आणि हिशोब बघा ना साधा. अठरा होलमध्ये ड्रायव्हर काढायचा योग फार तर चौदा वेळा येतो, कारण पार तीनवर, म्हणजे तीन शॉटच्या छोट्या होलवर, तो बहुतेक लागतच नाही. बाकीचे सगळे शॉट आयर्न, वेज आणि पटर. चौदा शॉटसाठी बॉल निवडून उरलेल्या साठ शॉटमध्ये त्याच्याशी भांडत बसायचं, हा कुठला शहाणपणा? पण टीवर चार लोक बघत असतात, आणि ग्रीनच्या कडेवरून छोटी चिप करताना कोणी बघत नसतं, हे खरं कारण आहे, मला वाटतं.

हा फरक येतो कुठून ते लेखात एका वाक्यात उरकलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण एकदा हे कळलं की जाहिरातीतले निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. बॉलच्या आत रबराचा गाभा असतो, त्यावर एक किंवा जास्त मधले थर, त्यावर कव्हर. टेलरमेड कंपनीच्या टीपी फाइव्ह बॉलमध्ये तर सगळे मिळून पाच थर आहेत. ड्रायव्हरचा दणका बसला की बॉल पार गाभ्यापर्यंत दबतो, अर्ध्या मिलिसेकंदात सगळा खेळ आटोपतो, आणि तिथे मऊ गाभ्यावर कडक थर अशी रचना असेल तर स्पिन कमी राहतो. हे टीवर चांगलंच. पण वेजने अर्धा स्विंग मारला तर गाभ्यापर्यंत काही पोचतच नाही, तिथे सगळा कारभार वरच्या कातडीचा. युरेथेनचं मऊ पातळ कव्हर क्लबच्या खाचा आणि आतला कडक थर यांच्यामध्ये चिमटीत सापडतं, खाचा त्याला धरतात, बॉल क्लबवर घसरत वर न जाता गरकन फिरून निघतो. आयोनोमरचं, म्हणजे आपण सरसकट सर्लिन म्हणतो ते कव्हर कडक, टिकाऊ, लवकर खरचटत नाही, पण खाचांना धरायला काही देत नाही, त्यामुळे बॉल जास्त वर उडतो आणि कमी फिरतो. म्हणून तो उंच जाऊन छान पडतो आणि तरी पळतो! मला हेच दोन वर्षं कळत नव्हतं, इतका उंच पडलेला बॉल पळतो कसा.

तर हँडिकॅप एकेरी आकड्यात असेल आणि ग्रीन जरा फास्ट असतील तर कव्हर युरेथेनचंच, या एका बाबतीत माझ्याकडून घासाघीस नाही. बाकी सगळ्यावर चर्चा करू.

जुने लोक या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त अडचणीत होते. आधी गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, बॉल होता, १८४८ च्या सुमाराला आला, गुळगुळीत असायचा, आणि लोकांच्या लक्षात आलं की मार खाऊन खरबडलेला जुना बॉल नव्यापेक्षा चांगला उडतो, तिथून मुद्दाम नक्षी पाडायला सुरुवात झाली आणि १९०५ मध्ये विल्यम टेलरने खळग्यांचं पेटंट घेतलं. १८९८ मध्ये कोबर्न हॅस्केलने रबराचा दोरा गुंडाळलेला बॉल काढला आणि तीच पद्धत शतकभर टिकली. चांगले खेळाडू बलाटाच्या मऊ कव्हरचा गुंडाळलेला बॉल वापरायचे, स्पिन भरपूर, पण क्लबची खालची कड जरा लागली की कव्हरवर हसल्यासारखी चीर, बॉल गेला. आणि लांब जाणारा घन गाभ्याचा बॉल हवा तर स्पिन विसरा. म्हणजे अंतर की स्पिन, हा प्रश्न तेव्हा खरा होता. २००० मध्ये टायगर वुड्स घन गाभ्याच्या बॉलवर गेला, त्याच वर्षी जूनमध्ये पेबल बीचला यूएस ओपन पंधरा शॉटनी मारली, आणि ऑक्टोबरमध्ये टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन बॉल लास वेगासच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तेव्हा एका आठवड्यात कितीतरी प्रो खेळाडूंनी बॉल बदलला. गुंडाळलेल्या बॉलचं राज्य बघता बघता संपलं. तुमच्या लेखातला "अंतर हवं की कंट्रोल, एक काहीतरी निवडा" हा सल्ला त्या आधीच्या काळातला आहे, पंचवीस वर्षं जुना. आता वरच्या दर्जाच्या बॉलमध्ये दोन्ही मिळतं, फरक राहतो तो कमी-जास्तीचा.

लेखातला तो तक्ता, स्विंग स्पीड इतका तर कॉम्प्रेशन, म्हणजे बॉलचा कडकपणा, इतकं, त्यावर पण बोलायलाच हवं कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त तोच फिरला. "बॉल पूर्ण दबला पाहिजे" म्हणे. अहो, ड्रायव्हरने मारल्यावर बॉल सगळ्यांचाच दबतो, हळू मारणाऱ्याचा पण आणि जोरात मारणाऱ्याचा पण, कमी-जास्त इतकंच, आणि "पूर्ण" दबणं अशी काही पायरी नसते की तिच्यावर पोचला की बक्षीस. कॉम्प्रेशनचा आकडा मुख्यतः हाताला काय वाटतं आणि कानाला काय ऐकू येतं त्याचा. हो, वेगाने मारणाऱ्याचा अगदी मऊ बॉल थोडा हळू सुटतो, हे खरंय, म्हणून जोरदार स्विंगवाल्याने अगदी लोण्यासारखा बॉल टाळावा. पण ८५ आणि ९५ यात नेमका आपला कोणता यावर झोप उडवण्यात अर्थ नाही, त्यात पुन्हा प्रत्येकाची मोजायची पद्धत सारखी नसते, एका कंपनीचा ९० म्हणजे दुसरीचा ९० असं धरून चालता येत नाही.

आणि त्यावरून आठवलं, बॉलवरचा एक ते चार हा आकडा म्हणजे कडकपणा नव्हे! आमच्यात एक गृहस्थ "मी फक्त तीन नंबर खेळतो, तो मऊ असतो" असं सांगायचे. तो आकडा फक्त तुझा कुठला आणि माझा कुठला हे ओळखण्यासाठी. कोणी समजावलं तरी ते तीनच घेतात, आणि खरं सांगायचं तर पट चांगले टाकतात, त्यामुळे आम्ही आता नाद सोडलाय.

मग निवडायचा कसा. मी जे केलं ते सांगतो, प्रयोगशाळा वगैरे काही लागत नाही, एक दुपार आणि एक सहनशील मित्र लागतो. तीन प्रकारचे युरेथेन बॉल घ्यायचे, प्रत्येकाचे पाच-सहा, आणि मित्राला सांगायचं मार्करने नाव झाकून टाक आणि त्यावर ठिपके काढ, एक, दोन, तीन, आणि कुठल्या ठिपक्याचा कुठला बॉल ते मला सांगू नकोस. हे झाकणं फार महत्त्वाचं, कारण नाव दिसलं की मन आधीच निकाल लावतं, माझं तरी लावतं. मग ग्रीनच्या कडेवरून साध्या चिप, एकच लँडिंग ठरवून. मग तीस-चाळीस यार्डवरून पिच. पडल्यावर किती पळाला तेवढंच बघायचं, पिनच्या किती जवळ ते नाही, कारण ते आपल्या हातावर अवलंबून असतं आणि हात दिवसभर सारखा चालत नाही. मग हाच शॉट ओल्या गवतातून, रफमधून. तिथे क्लब आणि बॉलच्या मध्ये गवत आणि पाणी येतं, स्पिन सगळ्यांचाच पडतो, पण सारखा पडत नाही, आणि राउंडमध्ये आपण काय दरवेळी कोरड्या फेअरवेवरूनच मारणार आहोत का. मग पट, लांबचे. इथे आवाजाकडे लक्ष द्या, गंमत वाटेल पण आपण पटचा जोर अर्धा कानाने ठरवतो, बॉल टकटक वाजला तर हात आपोआप आखडतो.

एवढ्यावर तिघांतला एक बहुतेक गळतोच. मग उरलेले दोन घेऊन सात-आठ नंबरचे आयर्न, आणि जमलं तर समोरून वारा असेल अशा दिवशी. इथे उलटी गोष्ट बघायची, स्पिन जास्त तर होत नाहीये ना. जास्त बॅकस्पिनवाला बॉल वाऱ्यात फुग्यासारखा वर चढतो आणि मग जीव गेल्यासारखा खाली, दहा यार्ड आखूड. खळगे बॉलच्या मागे निर्माण होणारी ओढ कमी करतात आणि बॅकस्पिन बॉलला उचलून धरतो, खळगे नसलेला गुळगुळीत बॉल साधारण निम्माच जाईल, पण उचलणं प्रमाणाबाहेर गेलं की ते पण नुकसानच. ज्याचा शॉट मुळात उंच आणि फिरकीचा त्याने खालून उडणारा, कमी स्पिनचा मॉडेल घ्यावा, आणि माझ्यासारखा ज्याचा आयर्न सपाट जातो त्याने उंच उडणारा, कारण बॉल उभ्या कोनात खाली आला तरच ग्रीनवर टिकतो. खळगे ३४८ की ३८८ हे मोजत बसू नका, प्रो व्ही वन एक्समध्ये पहिला आकडा आहे आणि प्रो व्ही वनमध्ये दुसरा, दोन्ही उत्तम उडतात, नुसत्या संख्येवरून काही कळत नाही, खोली आणि आकार पण असतो.

इथे एक फसगत सांगून ठेवतो, लेखात "एक्स मॉडेल जोरात मारणाऱ्यांसाठी" असं सरसकट लिहिलंय. एक्स अक्षराचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा आहे हो! टायटलिस्टमध्ये एक्सवाला जास्त उंच जातो आणि जास्त फिरतो. टेलरमेडच्या टीपी फाइव्ह एक्सचा स्पिन साध्या टीपी फाइव्हपेक्षा कमी. म्हणजे एकाचा एक्स आवडला म्हणून दुसऱ्याचा एक्स उचलला तर नेमकं उलटं पदरात पडायचं.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दोघांपैकी एक टीवर अगदीच वाईट वागत नाहीये ना, एवढंच बघायला. माझ्या वेळी दोघांमध्ये मला फरकच कळला नाही. मग मित्राने ठिपक्यांचं गुपित सांगितलं तर पहिल्याच फेरीत गळालेला बॉल निघाला तोच, ज्याची मी आधी महिनाभर सगळ्यांसमोर स्तुती करत होतो. तो मित्र अजून ते विसरलेला नाही आणि मला विसरू देत नाही.

एकदा निवडला की तोच खेळायचा, हे पण लेखात यायला हवं होतं. आपल्यातले कितीतरी चांगले खेळाडू बॅगेत पाच प्रकारचे बॉल घेऊन फिरतात, काही बक्षिसात मिळालेले, काही झुडपात सापडलेले, आणि पाण्याचा होल आला की जुना काढतात. म्हणजे ज्या शॉटला सगळ्यात जास्त नेमकेपणा हवा, त्यालाच अनोळखी बॉल, वर मनात आधीच "जाणार पाण्यात" असं ठरलेलं. नियमाने दोन होलच्या मध्ये बॉल बदलायला हरकत नसते, पण प्रो स्पर्धांमध्ये स्थानिक नियम लावून पूर्ण राउंड एकाच कंपनीचा एकाच मॉडेलचा बॉल सक्तीचा करतात, आणि मला वाटतं आपण तो नियम स्वतःवरच लावून घ्यावा. तळ्यातून काढलेले बॉल सरावाला ठीक, पण पाण्यात किती महिने होता ते बॉलच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, आणि पुन्हा रंग लावून चकचकीत केलेले तर अजिबात नको, रंगाच्या थराने खळग्यांची खोलीच बदलते. खरचटलेला बॉल मध्येच बदलता येत नाही हे पण लक्षात असू द्या, होल चालू असताना बदलायचा तर तो चिरलेला किंवा तडकलेला हवा, नुसते ओरखडे चालत नाहीत. युरेथेन मऊ असतं, धारदार खाचांच्या नव्या वेजने एका पूर्ण शॉटमध्ये केस निघाल्यासारखं दिसतं, म्हणून होल संपला की कव्हर तपासायची सवय बरी.

आता ज्याच्यासाठी मुळात कागद घेतला ते राहूनच जाईल. लेखाच्या चौकटीत "थंडीत बॉल गरम करून ठेवा, अंतर वाढतं" अशी टीप दिलीय. थंड बॉल आखूड जातो हे बरोबर आहे. पण मुद्दाम गरम केलेला बॉल मारणं हे गोल्फच्या नियम ४.२ चं सरळ उल्लंघन आहे, बॉलचा गुणधर्म मुद्दाम बदलणं त्यात मोडतं, खरडणं तसंच गरम करणं, आणि शिक्षा एक-दोन शॉटची नाही, स्पर्धेतून थेट बाद. आमच्या ग्रुपवरच्या एकाने लेख वाचून बॉल गरम करायचा वॉर्मर मागवला पण, पुढच्या महिन्यात त्याची स्पर्धा आहे. बाकी माझी मतं छापा न छापा, लेखकाचं माझं पटायलाच हवं असं काही नाही, पण या टीपेची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, जरा ठळक अक्षरात छापाल का? त्याला मी सांगून बघितलं, तो म्हणतो पेपरात आलंय.

आपला,
एक नियमित वाचक (हँडिकॅप पुन्हा ५)